सेन्सर स्वतःचीच हकिगत सांगतो: मल्टिमीटरपासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत

मे महिना लागला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक वाद ठरलेला. कुणीतरी गॅलरीतल्या डिजिटल थर्मामीटरचा फोटो टाकतं, त्यावर ४४ आकडा, आणि खाली, "वेधशाळा म्हणते ३९! कुणाला बनवताय?" मग कुणाच्या तरी गाडीच्या डॅशबोर्डवर ४६ निघतात. मागच्या वर्षी मी शेजाऱ्यांचा तो थर्मामीटर उचलून जिन्यातल्या सावलीत ठेवला. वीस मिनिटांत तो साडेअडतीसवर आला.

थर्मामीटर खोटं बोलत नव्हता. उन्हात तापलेल्या गॅलरीत त्याचं काळं प्लॅस्टिक खरंच ४४ अंशांवर गेलं होतं, आणि त्यानं तेवढंच सांगितलं. शिवाजीनगरच्या वेधशाळेत थर्मामीटर असतो पांढऱ्या, झडपांच्या पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, ऊन लागणार नाही पण वारा खेळेल असा. (हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून इथं आलं, म्हणून पुणेकरांच्या तोंडी ते अजून सिमला ऑफिसच.) एवढा सगळा खटाटोप पाऱ्यापर्यंत फक्त हवेचंच तापमान पोहोचावं म्हणून.

भोसरी-चाकण पट्ट्यात तीस वर्षं इन्स्ट्रुमेंटेशनची कामं केल्यावर मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायचो: सेन्सरला बाहेरच्या जगाचं काही कळत नाही. स्वतःला काय झालं, एवढंच त्याला कळतं. त्यावरून बाहेर काय चाललंय याचा अंदाज बांधायचा तो आपण, आणि चुका बहुतेक त्या अंदाजात होतात. हा लेख त्याच बेतानं लिहिलाय. आधी हातात धरून बघायचं, मग मीटरवर, मग आर्डुइनोवर (प्रोग्रॅम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड), आणि शेवटी गच्चीवरच्या टाकीवर.

स्वतःला काय होतं म्हणजे नेमकं काय

स्वयंपाकघरातला गॅस लायटर घ्या, तो टक्‌ आवाज करणारा, बॅटरी नसलेला. आत एक छोटा सिरॅमिकचा तुकडा असतो. बटण दाबलं की स्प्रिंगचा हातोडा त्यावर आदळतो, तुकडा किंचित दबतो, आणि त्या दबण्यानं त्याच्या दोन टोकांत काही हजार व्होल्ट उभे राहतात. हाच पिझो परिणाम, क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवलेला. हाच तुकडा जोरात न ठोकता हलक्या धक्क्यानं दाबला तर थोडेसे व्होल्ट मिळतात, आणि झाला कंपनांचा सेन्सर.

म्हणजे कुठलाही सेन्सर समजून घ्यायचा तर दोनच प्रश्न. बाहेर काय बदललं की याच्यात बदल होतो? आणि याच्यातला तो बदल विजेच्या भाषेत कसा दिसतो? काहींचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, बदलतो: तापमानानं थर्मिस्टरचा, उजेडानं एलडीआरचा, ताणानं वजनकाट्यातल्या स्ट्रेन गेजचा. काही स्वतःच व्होल्टेज तयार करतात: पिझो, थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा तापमान सेन्सर), दुचाकीची पल्सर कॉइल. काहींची विद्युतधारिता, म्हणजे विद्युतभार साठवायची क्षमता, बदलते, मोबाइलच्या स्क्रीनसारखी. काही नुसता वेळ मोजतात. बाजारातले शेकडो सेन्सर घेतले तरी आतली तत्त्वं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच निघतात.

खरेदी

पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जा. गाडी नेऊ नका, मंडई मेट्रोला उतरून चालत गेलेलं बरं. ऑनलाइन सगळं मिळतं, पण दुकानात उभं राहून सुटे भाग हातात घेण्यात वेगळंच शिक्षण आहे. काउंटरवर "टेन-के एनटीसी द्या" म्हणा. टेन-के म्हणजे २५ अंशांना १०,००० ओहम, आणि एनटीसी म्हणजे तापमान वाढलं की रोध कमी होणारा. तापमानाबरोबर रोध किती झपाट्यानं बदलतो ते सांगणारा आकडा म्हणजे बीटा. "बीटा किती?" असं विचारलंत तर "सगळे हेच नेतात" असं उत्तर मिळण्याची तयारी ठेवा. बहुधा तो ३९५० असतो, आणि नसला तरी पुढे तुम्हाला तो स्वतः काढता येईल.

दोन-चार थर्मिस्टर, दोन एलडीआर, १० किलोओहमचे पाच-दहा रेझिस्टर, ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता जोडणी करायची भोकांची पट्टी), जंपर वायर आणि साधा पिवळा मल्टिमीटर. थर्मिस्टर, एलडीआर आणि रेझिस्टर मिळून दोघांच्या नाश्त्याच्या पैशांत येतात. आर्डुइनो ऊनो आज घेतलात तर चालेल, पण डबा उघडू नका. थेट कोड लिहायला बसलेल्या पोरांना पुढे रीडिंग चुकलं की चूक सेन्सरची, वायरची की प्रोग्रॅमची, काहीच कळत नाही.

पहिली पायरी: थर्मिस्टर आणि मीटर

मीटर ओहमच्या २० किलोच्या रेंजवर ठेवा आणि प्रोब थर्मिस्टरच्या दोन पायांना लावा. पुण्यात एरवी खोलीत २५ ते ३० अंश असतात, त्यामुळे ८ ते १० किलोच्या मध्ये काहीतरी दिसेल. आता थर्मिस्टरचा मणी चिमटीत धरा. आकडा लगेच घसरायला लागतो आणि मिनिटभरात ७ किलोच्या आसपास रेंगाळतो. बोटांचं तापमान ३३ अंशांच्या आसपास असतं. मणी गरम झाला, त्यातले वीज वाहून नेणारे कण मोकळे झाले, रोध उतरला.

पण आकडा किती वेळानं थांबला, तेही बघा. तो वेळ सेन्सरला बोटाइतकं गरम व्हायला लागला. बोट काढलं की परत जायला त्याहून जास्त लागेल, कारण हवा बोटाइतक्या पटकन उष्णता देत-घेत नाही. रीडिंग कधी घ्यायचं हे आकड्याची चाल बघून ठरवायचं असतं, आणि ही सवय मीटरच लावतो.

आता कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरचा आकडा खात्रीच्या तापमानाशी ताडून घेणं. भारी वाटणारा शब्द, पण घरात दोन तापमानं अशी आहेत की ज्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवावा.

पहिलं बर्फाचं. फ्रीजरमधून काढलेला नुसता बर्फ चालत नाही, तो उणे १५-१८ अंशांवर असू शकतो. बर्फ कुटून ग्लासात भरा, वर थंड पाणी घाला आणि ढवळत राहा. पाणी आणि बर्फ दोन्ही शिल्लक असेपर्यंत ते मिश्रण शून्य अंशाला धरून असतं. थर्मिस्टर त्यात बुडवायच्या आधी पायांवर हीट-श्रिंक नळी चढवा किंवा निदान प्लॅस्टिकच्या पिशवीच्या कोपऱ्यात घालून घट्ट बांधा. उघडे पाय नळाच्या पाण्यात गेले तर पाण्यातूनही थोडी वीज जाते, रोध खरा आहे त्यापेक्षा कमी दिसतो, आणि बर्फाचं पाणी उगाच कोमट ठरतं. समोरच्या बिल्डिंगमधल्या दहावीच्या मुलानं हीच चूक केली होती. "काका, बर्फ पाच अंशांचा निघाला!" म्हणत आला. मी म्हटलं, "अरे, पाय बघ आधी."

बर्फात आकडा ३२-३३ किलोला जातो. इथं एक गंमत होईल: मीटर २० किलोच्या रेंजवर असेल तर डावीकडे नुसता '१' दिसेल आणि बाकी पडदा कोरा. मीटर बिघडलेला नाही, रेंज संपली. २०० किलोवर न्या.

दुसरं तापमान उकळत्या पाण्याचं, आणि इथं पुणेकरानं जरा थांबावं. पाणी १०० अंशांना उकळतं हे पुस्तकातलं वाक्य समुद्रसपाटीचं. पुणे त्याहून साधारण ५६० मीटर वर आहे. इथं हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी ९८ अंशांना उकळतं. मुंबईच्या भावानं आणि तुम्ही एकाच पाकिटातले थर्मिस्टर घेऊन दोघांनीही 'उकळतं म्हणजे १००' धरलंत, तर तुमचा इथंच दोन अंशांनी चुकला. पातेल्यात पाणी खळखळ उकळू द्या, सेन्सर तळाला टेकू देऊ नका, कारण तळ पाण्यापेक्षा गरम असतो. मीटरवर सातशे-साडेसातशे ओहम दिसतील. तो आकडा ९८ समोर लिहा.

बर्फ ते उकळतं पाणी एवढ्यात रोध जवळजवळ पंचेचाळीस पटींनी उतरला, आणि तोही सरळ रेषेत नाही. शून्य ते दहा अंशांत १२-१३ किलो उतरतो, तर नव्वदच्या पुढच्या दहा अंशांत दोनशे-अडीचशे ओहमच. म्हणून थर्मिस्टरला सूत्र लागतं. तुमच्या दोन रोधांच्या भागाकाराचा नॅचरल लॉग घ्या. दोन्ही तापमानांत २७३ मिळवून ती केल्विनमध्ये आणा, त्यांचे व्यस्त काढून त्यातला फरक घ्या, आणि लॉगला त्या फरकानं भागा. जे येईल तो बीटा. ३९०० ते ४००० च्या आसपास आला की समजा, दुकानदार बरोबर होता.

एलडीआर, पटकन

एलडीआर म्हणजे नागमोडी रेघ असलेली ती गोल टिकली. उजेडात कमी रोध, अंधारात जास्त. खिडकीशी धरलात तर काहीशे ओहम ते एखाद-दोन किलो, मुठीत झाकलात तर मेगओहमपर्यंत. अंधाराचं रीडिंग घेताना मात्र दोन्ही पाय बोटांनी धरू नका. मग एलडीआरऐवजी तुमच्या अंगाचाच रोध मोजला जातो. थर्मिस्टरच्या १० किलोत ही चूक लपून जाते, इथं उघडी पडते.

दुसरी पायरी: रोधाचं व्होल्टेज

आता आर्डुइनोचा डबा उघडा. आर्डुइनोला रोध मोजता येत नाही, त्याला फक्त व्होल्टेज कळतं. म्हणून थर्मिस्टरच्या जोडीला १० किलोचा ठराविक रेझिस्टर लावायचा. ५ व्होल्टपासून थर्मिस्टर, त्याच्या दुसऱ्या टोकाला रेझिस्टर, रेझिस्टरचं खालचं टोक ग्राउंडला, आणि दोघांच्या सांध्यावरून एक वायर ए-झिरो पिनला. दोघं ५ व्होल्ट आपल्या रोधाच्या प्रमाणात वाटून घेतात. सख्ख्या भावांच्या वाटण्या इतक्या बिनबोभाट होत नाहीत.

२५ अंशांना दोघंही १० किलो, म्हणून सांध्यावर बरोबर अडीच व्होल्ट. आर्डुइनो ऊनो ० ते ५ व्होल्टचे ० ते १०२३ असे आकडे करतो, त्यामुळे ५१२ च्या आसपास दिसेल. मणी चिमटीत धरा: थर्मिस्टर ७ किलोवर उतरला, सांध्यावर २.९ व्होल्ट चढले, आकडा ६०० कडे गेला. हे गणित आधी कागदावर करा आणि मगच लॅपटॉपवर सिरिअल मॉनिटर, म्हणजे आर्डुइनोचे आकडे दाखवणारी खिडकी, उघडा. आकडा कागदाशी जुळला की पुढे कधीही गडबड झाली तरी घाबरायला होत नाही.

या टप्प्यावर तीन गोष्टी बहुतेकांना छळतात. आकडा थांबत नाही, ५११, ५१३, ५१२ असा नाचत राहतो. एक आकडा म्हणजे सुमारे ५ मिलिव्होल्ट. तेवढा गोंगाट वायरींमध्ये, यूएसबीच्या पुरवठ्यात असतोच. दहा रीडिंग घेऊन सरासरी काढा. पण सरासरी काढून दोष झाकू नका. आकडा मधूनच ५१२ वरून १०२३ ला उडी मारत असेल तर तो गोंगाट नसतो, ब्रेडबोर्डमध्ये वायर सैल आहे. आमच्याकडे म्हणायचे, "आधी वायर हलवून बघ, मग डोकं चालव."

दुसरी गोष्ट म्हणजे मोजण्यासाठी सोडलेल्या विजेनं सेन्सर स्वतःच किंचित तापतो. या जोडणीत पाव मिलिअँप जातो. स्थिर हवेत मणी त्यानं काही दशांश अंश वर जातो. पाण्यात हा फरक जाणवत नाही, हवेत मात्र दशांश अंशांची ऐट मिरवायची असेल तर लक्षात ठेवावा लागतो.

तिसरी, बोर्डाचे ५ व्होल्ट ५ नसतात. लॅपटॉपच्या यूएसबीवर ४.८ मिळाले तरी थर्मिस्टरच्या जोडणीत फरक पडत नाही, कारण वाटणीचं प्रमाण तेच राहतं. एलएम३५ सारखा सेन्सर घेतला तर मात्र पडतो. तो दर अंशाला सरळ १० मिलिव्होल्ट देतो, सूत्राची भानगड नाही, म्हणून शाळेच्या प्रोजेक्टना तो लाडका. पण आर्डुइनो ते व्होल्ट ५ धरून मोजतो आणि पट्टी आहे ४.८ ची. ३० अंश मग एका अंशाहून जास्त फुगून दिसतात.

एक भट्टी, एक स्प्रिंग

हे सगळं घरगुती वाटत असेल, तर कारखान्यातली एक गोष्ट. पावडर कोटिंगची भट्टी होती, १६० अंशांवर लावलेली. पांढऱ्या रंगाचे जॉब पिवळट निघायला लागले. कंट्रोलरवर १६० अगदी स्थिर. मी कंट्रोलर बदलला. केबल बदलली. आतला सेन्सर पीटी-१०० होता, म्हणजे प्लॅटिनमची तार, शून्य अंशाला १०० ओहम आणि पुढे दर अंशाला साधारण ०.३८ ओहम वाढणारी. मीटर लावला तर १६१ ओहम, म्हणजे तक्त्याप्रमाणे बरोबर १६० अंश. सेन्सर पास. दोन दिवस गेले, प्रॉडक्शनवाल्यांचे बोल खाऊन झाले.

तिसऱ्या दिवशी एक जुने फिटर आले, त्यांनी काही न विचारता सेन्सरची वायर धरून हलकेच ओढली. सेन्सर अलगद बाहेर आला. त्याला थर्मोवेलच्या, म्हणजे भट्टीत शिरणाऱ्या बंद नळीच्या, तळाशी दाबून धरणारी स्प्रिंग तुटली होती आणि तो दोन इंच मागं सरकला होता. त्याच्या भोवती खरंच १६० अंशच होते. भट्टीत मात्र त्याहून कितीतरी जास्त. कंट्रोलर बिचारा सेन्सरला १६० वर ठेवायला भट्टी पेटवत राहिला.

मी सेन्सर मोजला, पण सेन्सर कुठं बसलाय ते बघितलं नाही. त्यानंतर रीडिंग संशयास्पद वाटलं की मी मीटरच्या आधी टॉर्च काढायचो.

कारखान्यात सगळ्यात जास्त भेटतो तो प्रॉक्सी, म्हणजे इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी सेन्सर. तोंडाशी कॉइल असते, ती उच्च वारंवारतेचं चुंबकीय क्षेत्र सोडते. समोर धातू आला की त्यात भोवरे प्रवाह तयार होतात, कॉइलची ताकद खातात, आणि सेन्सर 'आला' म्हणतो. त्याचं अंतर लोखंडावर ठरवलेलं असतं, अ‍ॅल्युमिनियमला साधारण निम्म्याहून कमी अंतरावर यावं लागतं. जॉबचा माल लोखंडावरून अ‍ॅल्युमिनियमवर गेला आणि लाइन थांबली, की प्रॉक्सी फेकून देण्याआधी हे आठवा. उलट त्याच्या तोंडावर लोखंडाच्या चिप्सचा गोळा चिकटला तर जॉब नसतानाही तो 'आहे आहे' म्हणत बसतो. फडक्यानं पुसून निम्म्या तक्रारी मिटतात. वायरी तपासायच्या तर तपकिरी प्लस, निळी मायनस, काळी आउटपुट.

तिसरी पायरी: गच्चीवरची टाकी

आता मनासारखं काम. आमच्याकडे गुरुवारी पाणी बंद असलं की बुधवारी रात्री टाकी भरलीय का बघायला कुणीतरी मोबाइलचा टॉर्च घेऊन गच्चीवर जायचं. म्हणून अल्ट्रासॉनिक सेन्सर बसवायचा ठरवला.

एचसी-एसआर०४ नावाचा दोन डोळ्यांचा सेन्सर सगळीकडे मिळतो. एक डोळा ४० किलोहर्ट्‌झचा, कानाला न ऐकू येणारा आवाज सोडतो, दुसरा त्याचा प्रतिध्वनी ऐकतो. तो अंतर मोजतो असं पाकिटावर लिहिलेलं असतं. मोजतो फक्त वेळ. ट्रिगर पिनला १० मायक्रोसेकंदांचा झटका दिला की तो आवाज सोडतो, आणि इको पिन जितका वेळ वर राहते तो जाण्यायेण्याचा वेळ. मायक्रोसेकंदांना ५८ नं भागलं की सेंटिमीटर. पाणी मीटरभर खाली असेल तर ५,८०० मायक्रोसेकंद.

हा ५८ आला कुठून? २० अंशांना हवेत आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, त्यावरून. डिसेंबरच्या पहाटे १५ अंशांना तोच वेग ३४० होतो, आणि मे महिन्यात ४० अंशांना ३५५. काळ्या टाकीच्या आतली हवा दुपारी ४० च्याही वर जाते. म्हणजे पाणी तसूभर हललं नाही तरी मीटरमागे चार-पाच सेंटिमीटरचा फरक दिसतो. मी पहिल्या पायरीतला थर्मिस्टर टाकीच्या झाकणाखाली लावला आणि वेगाचं सूत्र घातलं: ३३१ अधिक तापमानाच्या ०.६ पट. बर्फात भिजवलेल्या थर्मिस्टरचा असा उपयोग झाला.

बसवताना जे चुकलं ते सांगतो, म्हणजे तुमचे दोन महिने वाचतील.

उघड्या दोन डोळ्यांचा सेन्सर टाकीत टिकत नाही. आतली हवा कायम दमट, पहाटे झाकणाखाली थेंब धरतात, जाळीवर पाणी बसतं, आणि आवाज बाहेरच पडत नाही. माझा पहिला एका पावसाळ्यात गंजला. एका डोळ्याचा, वायरीला लटकणारा वॉटरप्रूफ प्रकार घ्या. पण त्याला जवळचं दिसत नाही: आवाज सोडल्यावर त्याचा पडदा थोडा वेळ थरथरत राहतो, आणि त्या वेळात आलेला प्रतिध्वनी त्याला ऐकू येत नाही. म्हणून २०-२५ सेंटिमीटरच्या आतलं पाणी तो मोजत नाही. टाकी काठोकाठ भरल्यावरही तेवढी जागा राहील असा उंचावर बसवा. झाकणावर प्लॅस्टिकच्या पाइपचा तुकडा उभा करून त्यावर बसवायची युक्ती मोहक वाटते, पण अरुंद पाइपच्या आतल्या कडाच प्रतिध्वनी देतात. पाइप रुंद घ्या किंवा मोह टाळा.

दुसरी चूक जागेची. आवाज पेन्सिलीच्या रेघेसारखा सरळ जात नाही, खाली पसरत जातो. माझा सेन्सर पाणी येणाऱ्या पाइपच्या शेजारी होता. सकाळी पाणी चढायला लागलं की आकडे नाचायचे, कारण पडणारी धार आणि लाटा मधे यायच्या. भिंतीपासून आणि इनलेटपासून लांब, शक्यतो मध्यावर बसवा. त्यातूनही पाच रीडिंग घेऊन चढत्या क्रमानं लावा आणि मधलं उचला. इथं सरासरी नको: चार रीडिंग ६० सेंटिमीटर आणि एक चुकून ३०० आलं तर सरासरी १०८ दाखवते, मधलं मात्र ६० च राहतं.

मग टेप घेऊन गच्चीवर जा. टाकी भरलेली, अर्धी आणि तळाला आलेली असताना झाकणापासून पाण्यापर्यंत टेपनं मोजा आणि सेन्सरचा आकडा शेजारी लिहा. तिन्ही वेळा सारखाच फरक असेल तर तेवढा वजा करून टाका. फरक खोलीबरोबर वाढत असेल तर आवाजाचा वेग चुकलाय.

आर्डुइनोऐवजी वायफायवाला ईएसपी बोर्ड वापरणार असाल तर एक खबरदारी. सेन्सरची इको पिन ५ व्होल्ट देते आणि बोर्डाच्या पिनला ३.३ च्या वर चालत नाही. इकोपासून १ किलो, पुढे ग्राउंडला २ किलो, आणि मधल्या सांध्यावरून पिनला वायर. दुसऱ्या पायरीतलीच वाटणी.

पंप आपोआप चालवायचा असेल तर सुरू होण्याची आणि बंद होण्याची पातळी एकच ठेवू नका. ५० टक्क्यांना चालू आणि ५० लाच बंद केलंत तर पाण्याच्या लाटेनं पंप दर सेकंदाला चालू-बंद होईल आणि त्याची वीज जोडणारा-तोडणारा कॉन्टॅक्टर जळेल. ३० ला चालू, ९० ला बंद. खालच्या टाकीत पाणी नसताना पंप कोरडा फिरू नये म्हणून तिथं वेगळा सेन्सर. आणि २३० व्होल्टची जोडणी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, ओल्या गच्चीवर हौस नको.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात

पीआयआर, म्हणजे जिन्यातला दिवा आपोआप लावणारा, माणूस ओळखत नाही. त्याच्यासमोर उष्णतेचं चित्र बदललं तरच तो हलतो. म्हणून ऑफिसच्या स्वच्छतागृहात स्तब्ध बसलं की अंधार होतो. मे महिन्यात भिंतीच अंगाइतक्या तापल्या की त्याला माणूस आणि भिंत यांत फारसा फरक दिसत नाही आणि तो आळशी होतो.

कुंडीतल्या ओलाव्यासाठी दोन काट्यांचा स्वस्त सेन्सर मिळतो. सतत वीज दिली तर त्याचे काटे काही आठवड्यांत गंजून खाल्ले जातात. मोजायच्या क्षणीच वीज द्या, किंवा कपॅसिटिव्ह प्रकार घ्या. लाल माती आणि कोकोपीट एकच आकडा देत नाहीत, म्हणून आपल्याच कुंडीतली कोरडी आणि पाणी घालून निथळलेली माती मोजून हद्दी ठरवा.

गॅसचे एमक्यू मालिकेतले सेन्सर शिकायला छान. आत टिन ऑक्साइडचा थर आणि तो तापवणारा हीटर असतो, नवा सेन्सर स्थिर व्हायला दिवसभर तापत ठेवावा लागतो. पण अत्तर, फोडणीचा धूर, ओलसर हवा, सगळ्यानंच ते चाळवतात. स्वयंपाकघरातल्या गॅस गळतीची जबाबदारी त्यांच्यावर टाकू नका, तिथं प्रमाणित डिटेक्टरच लावा.

आमच्या टाकीत सेन्सर बसून आता तिसरा पावसाळा. पाण्यावर तरंगणारा जुना फ्लोट स्विच मी काढलेला नाही. सेन्सरनं ९० ला पंप बंद केला नाही, तर पाणी वर येऊन फ्लोट उचलला जातो आणि पंपाची वीज सरळ तोडतो. मागच्या श्रावणात एकदा कोळ्यानं सेन्सरच्या तोंडासमोरच जाळं विणलं, जाळ्यावर थेंब धरले, आणि आकडा मधेच कुठंतरी अडकला. टाकी भरली, पंप चालूच होता, आणि फ्लोटनं तो बंद केला. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं तेव्हा कोळी अजून तिथंच होता. आता महिन्यातून एकदा झाकण उघडून फडकं फिरवतो आणि फ्लोट हातानं उचलून पंप बंद होतोय ना, तेही बघून घेतो.